धाकट्या आजीचा सिनेमा का झाला नाही

बाळांनो, तुमच्यापैकी मोठीने शाळेसाठी लिहिलेला निबंध मागच्या महिन्यात मला तपासायला पाठवला होता. भोकरदनच्या धाकट्या आजीची जीवनकथा एका सिनेमा कंपनीने तिच्या अडाणीपणाचा फायदा घेऊन कशी लुबाडली आणि घरच्यांनी कोर्टात जाऊन ती कशी सोडवली, असा विषय होता. ही हकीकत तिला मीच फोनवर सांगितली होती. मी तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, एका वाक्यातला काळ बदलला आणि चांगला शेरा लिहून निबंध परत पाठवला. नंतर कळलं की तो वर्गात वाचून दाखवला गेला आणि बाईंनी तो भिंतीवर लावला.

जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईने स्वल्पविराम पाहावेत आणि मजकूर खोटा आहे हे माहीत असून तसाच जाऊ द्यावा, याची मला लाज वाटते. म्हणून खरं काय झालं ते आता लिहिते. मराठीत लिहिते, कारण ती सगळी बोलणी मराठीत झाली. तुमची आई वाचून दाखवील. तिला मधलं काही गाळू नकोस म्हणून सांगा.

धाकटी आजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. तिचं भोकरदनला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती तिच्याकडे आणतात. जळालेली तांब्याची तार काढून, मोजून तेवढेच वेढे घालून नवी तार भरायची, वॉर्निश लावून वाळवायची, असं ते काम. दुकान आधी तिच्या नवऱ्याचं होतं. तो दुकानात मोटरी खोलायचा आणि ही घरी बसून तारेचे वेढे भरून द्यायची. एक दिवस तो घर सोडून गेला आणि परत आला नाही.

तो गेल्यावर चार-पाच दिवसांनी धाकटी जालन्याला आमच्याकडे आली. एक मुलगी कडेवर, एक हाताशी, आणि कपड्यांची पिशवी. आजोबा कामासाठी परगावी गेले होते. मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. तिने विचारलं, "बाई, थोडे दिवस राहू का हितं?"

मी खुर्चीतून उठले नाही. म्हणाले, घराला कुलूप लावून असं येऊ नये, उद्या तो परत आला तर काय करील. मुलींना बिस्किटं दिली. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "साडेपाचची बस मिळेल तुला."

ती त्या बसने गेली. आजोबांना हे मी सांगितलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानाचं शटर उघडलं, कारण कोणाची तरी अर्धी भरलेली मोटर आत पडून होती आणि तो माणूस दारात उभा होता. त्या दिवसापासून दुकान तिचं झालं. पहिली काही वर्षं लोक बाईच्या हातात मोटर द्यायला बिचकत. आता राजूर, सिल्लोडकडूनही मोटरी येतात.

या दुकानावर एका वर्तमानपत्रात छोटा लेख आला. तो वाचून मुंबईहून सिनेमाच्या कथा लिहिणारी एक मुलगी आली. आठ-दहा दिवस दुकानात स्टुलावर बसून राहिली. धाकटीने तिला सगळं सांगितलं. मग कंपनीचा करारनामा आला, इंग्रजीत, वीसेक पानांचा. धाकटी तो घेऊन माझ्याकडे आली.

हे काम मी फार मन लावून केलं. दोन दिवस बसून प्रत्येक कलमाचं मराठी केलं, डाव्या समासात क्रमांक घातले आणि तिला एकेक कलम वाचून दाखवलं. तुमच्या निबंधात आहे तशी ती गप्प बसून ऐकत नव्हती. दर कलमाला अडवत होती.

"म्हंजे माझी गोष्ट आता त्यांची झाली का?"

"गोष्ट तुझीच. तिच्यावर सिनेमा काढायचा हक्क त्यांचा."

"अन् दुकानात कोनी विचारलं तर सांगायची का न्हाई?"

"सांग की. दुसऱ्या सिनेमावाल्याला मात्र द्यायची नाही."

"हे बराबर हे. एकच मोटर दोघांना कशी देनार." मग तिने बोट ठेवलं ते बदल करण्याच्या कलमावर. "हितं काय लिव्हलंय?"

"प्रसंगांत त्यांना फेरफार करता येईल, असं आहे. आणि लिहून झालं की तुला वाचायला पाठवतील."

"फेरफार करा म्हनावं, पर मला रडकी दाखवू नका. म्या रडत बसले न्हाई."

हे मी कंपनीला फोनवर कळवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. मग तिने मराठीत सही केली. साक्षीदार म्हणून मी पूर्ण नाव लिहून इंग्रजीत सही केली. मराठी मजकुराची एक प्रत तिला दिली, एक मी फाईलला लावली. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

काही महिन्यांनी लिहून झालेली कथा आली. संवाद हिंदीत, बाकी वर्णन इंग्रजीत, म्हणून धाकटीने ती न उघडताच माझ्याकडे पाठवली. मी चहा घेत वाचायला बसले. पहिल्या वीस पानांतच एक मोठी जाऊ आली. शाळेत इंग्रजी शिकवणारी. हातात लाल पेन. दारात उभ्या असलेल्या जावेला ती बसही म्हणत नाही, घड्याळाकडे पाहते आणि बसची वेळ सांगते. वेळही तीच होती, साडेपाच.

नाव माझं नव्हतं. पण मोटरी भरणारी बाई या जिल्ह्यात एकच आहे आणि तिला मोठी जाऊही एकच. माझे विद्यार्थी, शाळेतल्या जुन्या सहकारी, सोसायटीतले लोक, तुमची आई, सगळे तो प्रसंग पडद्यावर पाहणार होते.

मी त्या लेखिकेला फोन केला. ती नीट बोलली. "आजी, तुम्ही म्हणाल तसा मी पेन काढते, शाळा काढते. पण तो प्रसंग काढला तर पुढचं काही उभंच राहत नाही. त्या तिथून परत जातात म्हणून तर शटर उघडतात."

तिचं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

मी वकिलाकडे गेले. वकील माझाच जुना विद्यार्थी. त्याने कागद पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, यात तुम्ही कुठेच नाही. गोष्ट त्यांची, करार त्यांचा. अडवायचं तर त्यांनीच अडवायला पाहिजे."

"कशावरून अडवता येईल?"

"करार समजला नव्हता, असं त्या म्हणाल्या तर. इंग्रजी कागद, कमी शिकलेली बाई, कोर्ट ऐकून घेतं. पण मग विचारतील, समजावून कोणी सांगितलं? साक्षीदार कोण?"

"मी."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला म्हणावं लागेल की मजकूर न वाचताच सही केली. आणि मॅडम, राग मानू नका, हे कोणाला पटायचं नाही. आमच्या रजेच्या अर्जातलं स्पेलिंगसुद्धा तुम्ही सोडत नव्हता."

"पटवू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला गेले. दुकानात एक शेतकरी बसलेला होता आणि धाकटी तारेचे वेढे भरत होती. एका हाताने यंत्राची मूठ फिरवायची, दुसऱ्या हातातून तार सोडायची आणि मनात आकडा मोजायचा. तेव्हा तिच्याशी कोणी बोललं तरी ती उत्तर देत नाही, कारण मोजणी चुकली की सगळं काढून पुन्हा भरावं लागतं. दुकानात येणाऱ्यांना हे माहीत आहे.

ती थांबली तेव्हा तो शेतकरी म्हणाला, "काकू, सिनेमात माझी मोटर दाखवा बरं का. साडेसात हॉर्सपॉवरची हे."

"तुझी न्हाई दाखवत. दर साली जाळून आनतो तू. बघनारे म्हनतील, बाईला कामच येत न्हाई."

तो हसत चहा सांगायला उठला. मी तेवढ्यात बोलून घेतलं. कथेत काय आहे, ते सांगितलं. वकील काय म्हणाला, तेही सांगितलं.

"बाई, त्यात खोटं लिव्हलंय का काही?"

"खोटं नाही."

"मंग?"

"मला चार लोकांत वावरायचं आहे," मी म्हणाले.

तिने तार गुंडाळायचा पुढचा साचा यंत्राला लावला आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. आता तिच्याशी बोलता येत नव्हतं. मी बसून राहिले. तो साचा पूर्ण भरून होईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग तार तोडली, टोकाला गाठ मारली आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

निघताना ती घरातून मराठी मजकुराची तिची प्रत घेऊन आली. "हे तुमच्याकडंच ठेवा. माझ्याकडं सापडलं तर तुम्ही खोट्या पडताल." मी दोन्ही प्रती घरी येऊन बंबात घातल्या.

दाव्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की वादी अशिक्षित असून तिला वाचता येत नाही. वास्तविक ती चौथी शिकलेली आहे. मोटरीवरची इंग्रजी पाटी ती माझ्याआधी वाचते. पण वकिलाने ते वाक्य माझ्यासमोर लिहिलं आणि मी त्यात एक शब्द दुरुस्त करून दिला.

साक्षीच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. मुंबईची ती लेखिकाही आली होती. ती माझ्याकडे आली नाही. धाकटीच्या पाया पडली, तेव्हा धाकटीने तिला विचारलं, "जेवून आली का उपाशीच आली?"

कंपनीच्या वकिलाने फार विचारलं नाही.

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

"मोटरीवर पाटी असते. किती हॉर्सपॉवर, किती व्होल्ट, सगळं इंग्रजीत. ती कोण वाचतं?"

मागच्या बाकावर धाकटीच्या दुकानात येणारे दोघे-तिघे बसले होते, कोर्टात त्यांचंही काही काम असावं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी वाचती," ती म्हणाली.

तिच्या दोन्ही मुली तोवर लग्न होऊन सासरी गेलेल्या होत्या. एक बदनापूरला, दुसरी घनसावंगीला. ते मागच्या बाकावरच्यांना माहीत होतं. मी मान खाली घालून माझ्या साक्षीची वाट पाहत बसले. माझी पाळी आली तेव्हा सांगितलं की घाईत होते, न वाचता सही केली. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही.

कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि दुसरा विषय हाती घेतला. शेवटी दोन्ही वकिलांनी बसून तडजोड केली. कंपनीने हक्क सोडला आणि धाकटीने लिहून दिलं की ही गोष्ट ती यापुढे कोणालाच सिनेमासाठी देणार नाही. हे कलम वकिलाने मला वाचून दाखवलं, तेव्हा ते तिच्यासाठी किती वाईट आहे हे मला दिसत होतं. तरी मला सुटल्यासारखं वाटलं. या वेळी मी तिला काहीच समजावून सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पुढे दुकानात टिंगल सुरू झाली. "काकू, तुम्हाला वाचता येत न्हाई म्हणं. मंग माझी पाचची मोटर का तीनची, कसं कळलं?" ती म्हणायची, "वासावरून." लोक हसायचे, तीही हसायची. एक जण मात्र खरंच मोटर उचलून दुसऱ्या दुकानात गेला. ज्या बाईने एवढी वर्षं आपल्याला काम कळतं हे एकेका गिऱ्हाइकाला पटवून दिलं, तिला कोर्टात उभं राहून कळत नाही म्हणावं लागलं, आणि ते माझ्यासाठी. रडकी दाखवू नका, एवढीच तिची अट होती. मी तिला त्याहून वाईट दाखवलं.

हे लिहायला घेण्याआधी मी तिला विचारायला गेले. पोरांना खरं लिहून पाठवू का, म्हणाले.

"लिवा की," ती म्हणाली. "पर त्या मुंबईच्या पोरीनं लिव्हलं व्हतं तसं लिवा. बसचं बी लिवा."

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

"हे. पर त्याचं आता काय करता?" तिने स्क्रू ड्रायव्हर शोधायला घेतला. "तुम्ही त्या दिवशी उठल्या न्हाई, ते मी इसरले व्हते. कोर्टातलं न्हाई इसरले."

वकिलालाही विचारून पाहिलं, साक्ष आता बदलता येईल का. तो म्हणाला, प्रकरण मिटलेलं आहे, उकरून काढलं तर आधी मॅडमच अडकतील. मी परत आले. पुढे काही केलं नाही. भीतीने केलं नाही, दुसरं कारण नाही.

त्या कथेची पानं कंपनीने परत मागून घेतली. लेखिकेचा फोन आता लागत नाही. धाकट्या आजीचं दुकान चालू आहे, आणि कोर्टाच्या दप्तरात तिची साक्ष आहे. तिला वाचता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे आणि खाली तिची सही आहे.