नाडी मुलीकडे, वाट माझ्याकडे

सकाळचे फिरणे संपवून ते आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारातल्या ओट्यावर, टेकायचे. उजव्या हातात फोन, डाव्या मनगटावर घड्याळ. आधी फोन बघायचे, मग मनगट वळवून घड्याळ, आणि स्वतःलाच विचारायचे, "बरे, दुसरा साक्षी काय म्हणतो?"

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिले आहे. तुम्हाला कॅरममध्ये हरवून वर नियमही समजावून सांगणारे ते हेच. त्यांनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली, म्हणून सारी गल्ली त्यांना कोर्टसार, म्हणजे कोर्टातले सर, म्हणे. त्यांचे घराणेही आपल्यासारखेच, मराठ्यांच्या काळात इकडे तमिळ मुलखात आलेले. रस्त्यावर तमिळ बोलायचे आणि आमच्या तिण्णैवर चढले की मराठी. मला अक्का म्हणत.

त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा कॅनडातली मुलगी येऊन महिनाभर राहिली. जाताना तिने ते घड्याळ बापाच्या मनगटावर बांधले. घड्याळाचे एक अ‍ॅप असते. त्यात नाडी, पावले, झोप, सगळे उमटते. त्याचा पासवर्ड तिने स्वतःकडेही ठेवला आणि माझ्यादेखत बजावले, "एक वाईट आकडा दिसला, बाबा, की तुम्ही माझ्याकडे. मग वाद नाही."

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "अक्का, तिकडे मी खिडकीत बसून काय करू? बर्फाशी तमिळ बोलू?"

आठवड्याभरात त्यांनी फोनमध्ये दुसरे अ‍ॅप घेतले. चाललेल्या वाटेची नकाशावर रेघ काढणारे. घड्याळ म्हणे तीन किलोमीटर, तर नकाशा म्हणे पावणेतीन. मला वाटले, एवढा काटेकोर माणूस वैतागेल. ते उलट खूश झाले. "दोन साक्षी शब्दाला शब्द जुळले, तर समजावे, पढवून आणलेत. थोडा फरक आहे ना? मग दोन्ही खरे."

नकाशाच्या अ‍ॅपमधून चालू फिरण्याची लिंक दुसऱ्याला पाठवता येते. ती ते मला पाठवू लागले. "मुलीकडे नाडी, तुमच्याकडे वाट. म्हातारा पडला तर कुठे पडला ते कोणाला तरी ठाऊक हवे." मला तो विश्वास वाटला, आणि थोडा अभिमानही. दोन साक्षीदारांना बाहेरच्या बाकावर शेजारी बसू देऊ नये, नाहीतर ते जबान्या ताडून पाहतात, हे कोर्टातला माणूस जाणतो, हे माझ्या ध्यानात आले नाही.

डॉक्टरांनी सांगितले होते, सपाट रस्ता, चाळीस मिनिटे, दम लागता कामा नये. ते रोज साक्कोट्टैच्या देवळापर्यंत चालत आणि रिक्षाने परत येत. माझ्या फोनवर निळा ठिपका रस्त्याने सरके, देवळापाशी थांबे, आणि नकाशा आपोआप विराम दाखवी. अर्धा तास तसाच. मी समजे, सावलीत बसलेत. मुलीच्या फोनवर व्यायाम तासाच्या वर चाललेला दिसे. ती समजे, बाबा हळूहळू चालताहेत. दोघी निश्चिंत होतो.

त्या दिवशी ठिपका सातला थांबला. पावणेआठ झाले तरी हलेना. मी डोशाचे पीठ तसेच ठेवून फोनकडे बघत उभी होते, तेवढ्यात तो वाजला.

"मावशी, बाबा कुठे आहेत?"

"साक्कोट्टैला. बसलेत. पाऊण तास झाला."

"बसलेत? नाडी एकशे अडतीस आहे."

मी फोन कानापासून काढून ठिपका पुन्हा पाहिला. तिथेच होता.

"तुझ्याकडे ते चालताहेत का?"

"चालताहेत. पण आकडा मधेच बंद होतो. दोन-तीन मिनिटांनी येतो, परत जातो. असे कधी झाले नव्हते, की मी पाहिले नव्हते, मला कळत नाही." मग आवाज खाली गेला. "मावशी, आता येत नाहीये."

मी चपला घातल्या. दार ओढून घेतले की नाही, आठवत नाही, आणि मी दार न ओढणारी बाई नव्हे. रिक्षा मिळाली. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, किती वेळा सांगाल, जातोय ना." मुलगी फोनवरच होती. ती दर मिनिटाला एकच शब्द म्हणे, "नाही." म्हणजे आकडा नाही.

देवळाबाहेर फुलवाली कण्हेरीच्या माळा ओवत होती. तिच्या टोपलीत, ओल्या फडक्याशेजारी, त्यांचा फोन. त्यावर माझा निळा ठिपका. पाऊण तास मी फुलांच्या टोपलीवर पहारा करत होते.

"सार आत आहेत अम्मा. फोन आत नेत नाहीत. म्हणतात, जे यंत्र संडासात जाते ते देवापुढे कशाला."

"आत काय करतात?"

"प्रदक्षिणा. रोजच. आज फार झाल्या."

तेव्हा उलगडले. फोन बाहेर, घड्याळ आत. फेरी घेत ते दरवाजाजवळ आले की घड्याळाला फोन सापडे आणि आकडा कॅनडाला पोचे. मागे वळले की तुटे. आता ते दरवाजाशी येत नव्हते.

मी धावले. या वयात धावणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही. ते देवळाच्या मागल्या अंगाला, दगडी भिंतीला टेकून बसले होते. ओठ पांढरे. वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, सोग्यात चिंचोके. एका सोग्यातला चिंचोका प्रत्येक फेरीला दुसऱ्यात, असा त्यांचा हिशेब.

"अक्का, नऊ उरलेत," ते म्हणाले. "सगळ्या दिवसांच्या मिळून एकशे आठाचा नवस आहे. आज शेवटचा दिवस. धरा जरा, उठतो."

"उठायचे नाही."

"नऊच हो."

"मागितले तरी काय होते देवाकडे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "इथेच राहू दे, म्हटले. दुसरे काय मागणार."

मी उरलेले चिंचोके त्यांच्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकले आणि रिक्षावाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना बाहेर आणले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे झाले असते तर अवघड होते.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ बोलावले. "मुलीला सांगा, उन्हाने चक्कर आली. खोटे नाही ते. ऊन होतेच. प्रदक्षिणेचे तेवढे नको."

फोन माझ्या हातात वाजत होता. मी बाहेर गेले. ती म्हणाली, "मावशी, खरे सांगा. बाबा काय करत होते?" मी कॉलेजात इंग्रजी शिकवले, मुलींना सांगत आले की नेमके लिहा. तिला मी नेमके सांगितले. किती दिवस, किती फेऱ्या, आणि कशासाठी. शेवटचे तिने मला पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली, "बाबांचे तिकीट काढते."

पुढचे तीन आठवडे ते तिण्णैवर आले नाहीत. आमच्या दारावरून जाताना छत्री मधे धरत. पाऊसही नसे. ऊनही नसे.

निघायच्या सकाळी मात्र आले. बसले नाहीत. "साक्ष खरी होती, अक्का," म्हणाले. "खोटी असती तर उलटतपासणीत फोडली असती." छत्री माझ्या दाराला अडकवली. "तिकडे ही लागत नाही म्हणतात." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिले नाही.

छत्री तिथेच आहे. तुम्ही याल तेव्हा काढू नका.

ते गेल्यानंतर आठवड्याने, संध्याकाळी दिवा लावताना, माझा फोन टिणकन वाजला. निरोप काही नाही. नुसती लिंक. तिकडे सकाळ होती. नकाशावर अनोळखी रस्ते, एक मोठी इमारत, आणि तिच्याभोवती सरकणारा निळा ठिपका. उजवी घालून, देवळाभोवती घालतात तशी फेरी. मी बसून मोजल्या. नऊ.

आता रोज येते. नऊच फेऱ्या, कमी नाही, जास्त नाही. माझ्या पर्समध्ये राहिलेले त्यांचे चिंचोके मी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत जाते. नववी झाली की ठिपका इमारतीच्या मागल्या बाजूला थांबतो. मुलीला विचारले, तिथे काय आहे. ती म्हणाली, काही नाही, भिंत आहे.

नाडी अजून तिच्याकडेच असते. माझ्याकडे फक्त ठिपका. तो हलून दाराकडे वळेपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही.