बांबूची टकळी

श्रीपाद पागे दारूगोळ्याच्या कारखान्यात फ्यूज भरायचा आणि जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली टकळीवर सूत काढायचा. ठिणगीच्या भीतीने आत लोखंड न्यायला मनाई होती, म्हणून त्याने टकळी मुद्दाम बांबूची केली होती. तरीही बेचाळीसच्या ऑगस्टात गोऱ्या साहेबाने ती फाटकावरच अडवली.

शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी त्याची बहीण शरयू हे ऐकून भडकली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने जाडजूड शब्दकोश पुढ्यात ओढला.

"दादा, तू जे भरून राहिला ना, त्या फ्यूजचं नाव टकळीवरूनच पडलंय. लॅटिनमध्ये टकळीला फुसुस म्हणतात. जुन्या गोळ्यांत दारूची नळी टकळीसारखी लांबट असायची."

"अच्छा. म्हणजे त्यांची टकळी चालते, माझी नाही."

दुसऱ्या दिवशी श्रीपाद टकळी हातात धरूनच फाटकाशी गेला आणि शरयूने सांगितलेलं सगळं त्याने साहेबाला हिंदीत ऐकवलं. साहेब लालबुंद झाला. टकळी फेक, नाहीतर नोकरी सोड, म्हणाला.

श्रीपादने खिशातला पास काढून त्याच्या हातावर ठेवला. मग फाटकासमोरच्या धुळीत मांडी घातली आणि कापसाचा पेळू काढून सूत कातू लागला. कामावर जाणारी माणसं थबकून बघू लागली. साहेब दरवानावर खेकसला, याला उठव.

श्रीपादने मान वर केली नाही. "मनाई अंदर की थी, साहब. मैं तो बाहर बैठा हूँ."