ताईच्या बाजूची पायरी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले, पण या माणसानं कधी कुणावर आवाज चढवला असेल तर शपथ. मला त्याचाच संताप येतो. मी शिवणकाम करते. माझी कात्री चालते तशी जीभही चालते. त्यामुळे हे सांगताना मी मऊ बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ताईच्या वाट्याला नवरा आला तो महिन्यातले आठ-दहा दिवस. बाकी सगळा फोन. कुठवर पोचलो, काय पाहिलं ते भाऊजी सांगायचे आणि ही ओट्याशी उभी राहून ऐकायची. मालकाच्या गाडीत बायकोला बसवायची परवानगी नव्हती. मुलगी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा भाऊजी म्हणाले, "आता स्वतःचा ट्रक घेतो. तू शेजारी बसायचं. फोनवर सांगितलं ते सगळं दाखवतो." ताई लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, पण चक्क लाजली.

अडचण एकच होती. ताईच्या खुब्याचं हाड झिजत चाललं होतं. पाय वीतभर उचलला जायचा, त्याच्या वर नाही, आणि ट्रकची पहिली पायरी असते गुडघ्याएवढी उंच. म्हणून भाऊजींनी कारखान्यातून गाडी बनवून मागवली. ताईच्या बाजूच्या दाराखाली एक जास्तीची पायरी, जमिनीपासून वीतभर. मागणीपत्रात तसं लिहून घेतलं, खाली सही, शिक्का. शोरूमवाला म्हणाला, "तीन महिने." ताईनं अंगणात वीतभर उंचीवर एक फळी मांडली आणि रोज सकाळी चढ-उतार सुरू केली.

तीनाचे पाच झाले, पाचाचे सात. कधी सुटे भाग आले नाहीत, कधी रंगाचं यंत्र बंद. शोरूमवाला दर वेळी आधी पाणी विचारायचा आणि मग "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणायचा. त्याचा पुढचा आठवडा कुठल्या कॅलेंडरात असतो देव जाणे. भाऊजी "बरं" म्हणून घरी यायचे.

"बरं काय, भाऊजी? जाब विचारायचा सोडून बरं?"

"त्याच्या हातात काय आहे? तो सांगकाम्या नोकर."

सातव्या महिन्यात शोरूमवाला म्हणाला, साधी गाडी तयार आहे, पायरीचा हट्ट सोडा, उद्या घेऊन जा. मी म्हटलं, घ्या. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात पायरी जोडून देईल. भाऊजींनी कानाला हात लावले. "नव्या गाडीच्या सांगाड्याला ठिणगी लावायची नाही. आतून कमजोर होतो. आणि तिला बसवायचंय त्यात." अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर एकजात त्यांच्या बाजूचे. एरवी दोघांचं एकमत होईल तर शपथ, पण यावर झालं. मी याला चूक म्हणते, ते अजून म्हणत नाहीत. माझा तो राग वेगळा आहे.

इकडे गाडी मागवली तेव्हा सलग चार तास बसणारी ताई आता तासाभरात कळवळायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, ऑपरेशन झेपणार नाही, आता झीज वाढतच जाणार.

दहाव्या महिन्यात भाऊजी मालकाचा ट्रक घेऊन वजनकाट्याच्या रांगेत उभे होते. पुढे एक कोरी करकरीत गाडी, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराखाली वीतभर उंचीवर पायरी. भाऊजी खाली उतरले, तिच्यावर हात फिरवला. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या शेटनी चाळीस गाड्या घेतल्या. ही एकच अशी आलीय. खड्ड्यात घासते, कापूनच टाकणार आहे." भाऊजी घरी आले आणि ताईला म्हणाले, "आपली गाडी छान झालीय बरं का. मी आज पाहिली."

माझं डोकं फिरलं. मागणीपत्र उचललं आणि शोरूम गाठलं. शोरूमवाल्यानं आढेवेढे घेत शेवटी कबूल केलं, आमची गाडी त्यानं त्या शेटला देऊन टाकली होती. "बाई, चाळीस गाड्यांचं गिऱ्हाईक थांबवता येत नाही हो."

"आणि एका गाडीचं येतं?"

"गाडी ती गाडी. तुमची पुढच्या खेपेला..."

"माझ्या बहिणीचं हाड तुमच्या खेपेसाठी झिजायचं थांबलंय का?"

तो म्हणाला, "पाणी घ्या."

"तूच पी," मी म्हटलं. सगळं शोरूम बघत होतं. बघू दे. भाऊजींच्या वाटणीचंही त्या दिवशी मीच बोलून घेतलं, आणि त्यानं काडीचाही फरक पडला नाही.

गाडी आली चौदाव्या महिन्यात. तोवर ताईला जेमतेम अर्धा तास बसवत होतं. पायरी मात्र मापात होती. तिनं पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता वर गेली. मी केबिनमधल्या मागच्या फळीवर बसले. पंधरा मिनिटं जायचं, पंधरा मिनिटं यायचं, असं घरून ठरवूनच निघालो होतो.

गाव मागे पडलं, चढ लागला. ताई काचेला नाक लावून बघत होती.

"अहो, हा चढ संपला की काय दिसतं?"

"नदी. खाली सगळं खोरं दिसतं."

"किती लांब?"

"वीस मिनिटं."

ताईनं घड्याळ पाहिलं. खुब्यावर हात दाबून धरला होता. "वळवा," ती म्हणाली.

भाऊजींनी गाडी वळवली. गाडी सांगितल्या वेळेला आली असती तर ती चार तास बसली असती. नदीवर उतरून, डबा खाऊन, अंधाराच्या आत घरी आलो असतो.