वळलेली मूठ आणि डॉक्टर सुमित्राताई

डॉक्टर सुमित्राताईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, कळत नाही. मी मॅट्रिक झालेली गृहिणी. घडलं तेच लिहिते.

आमच्या यजमानांची हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या मागावर गेली. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं तर एक दिवस थांबलं नाही; पण डावी मूठ वळली ती वळलीच. आमच्यात गळ्यात धारण केलेलं शिवाचं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. तळहात उघडेना, म्हणून यांनी पूजाच सोडली. गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं. मला ते सोसवेना. रोज सकाळी कोमट तेल चोळून मी त्यांची बोटं हिसका देऊन उघडू लागले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडतीस कशाला?" असं म्हणत ते दात आवळून घेत. मूठ मात्र जास्तच घट्ट होत चालली.

शुक्रवार पेठेतल्या शेजारणीनं ताईंकडे पाठवलं. पोटाची सोनोग्राफी ऐकून होते. हाताचीही असते, ते तिथं कळलं. हाताला लावायच्या जेलीची बाटली त्यांनी गरम पाण्यात ठेवलेली होती. गार लागलं की ताठलेला स्नायू आणखी आखडतो, म्हणाल्या. आधी त्यांनी चांगला उजवा हात दाखवला. पडद्यावर काळसर मांस, त्यात बारीक उभ्या रेघा. मागावरचं उभं सूत तपासावं तसं बघत हे लगेच म्हणाले, "ताणा नीट हाय की." डाव्या हातात मात्र रेघा विस्कटलेल्या, मधे पांढरट पट्टा.

"इथं सूज आहे. हात कुणी ओढला का?" ताईंनी विचारलं.

मी खाली मान घातली. "दारात आपटला," हे म्हणाले.

ताईंनी ते खरं मानलं नसावं. पण त्या माझ्याकडे पाहिनात. माझा हात धरून त्यांनी यांच्या मनगटावर ठेवला आणि आपल्या हातानं इतका सावकाश वळवला, की यांची बोटं थोडी सैल पडली. "हळू नेलं की येतो, हिसका दिला की भांडतो. सूज उतरेल. मूठ वळली ती मेंदूतल्या दुखण्यानं, बाई, तुमच्यामुळे नाही."

"पूजेपुरती उघडंल का?" यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच पूजेचं बोलले.

ताई म्हणाल्या, "सूज उतरली तरी पांढरा झालेला भाग कडक झालाय, तो पूर्वीसारखा होणार नाही. काळा आहे तिथं प्रयत्न करू. वचन देत नाही."

खोटा धीर न देणं हा त्यांचा स्वभाव. तेव्हा तो कठोर वाटला. आता त्याचाच आधार वाटतो. पडद्यावर बघत नेमक्या स्नायूत त्यांनी तो सैल करणारं इंजेक्शन दिलं. व्यायाम मात्र त्या मलाच शिकवत राहिल्या. जुन्या टॉवेलची गुंडाळी करून मी हाताखाली आधार केला होता, तो त्यांनी पुढे दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांनाही दाखवला. मला केवढं बरं वाटलं.

श्रावणातल्या एका सोमवारी लिंग तळहातावर बसलं. खाली माझा हात होता.

पण इंजेक्शनचा जोर कायम राहत नाही. परवापासून अंगठा पुन्हा आत वळतोय. पुढच्या तपासणीत पांढरा भाग वाढलेला दिसेल का, या काळजीनं जपातही लक्ष लागत नाही. त्यात यांनी हट्ट धरलाय, साठीच्या सत्काराच्या दिवशी ताईंना फूल द्यायचं ते डाव्याच हातानं. ऐन वेळी मूठ उघडेल की फूल आतच चुरगळेल, सांगता येत नाही.

वेळ लागला तर ताई हात पुढे करून उभ्या राहतील, घाई करणार नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. शिवाजवळ माझं मागणं एकच: असं थांबायला त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो.