स्क्रीन पुसू नका

दिवाकरभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या आमच्या ऑफिसात बसून त्यांच्याच यादीला शिव्या घालत होते. महिना उलटला, तरी त्या शिव्या रोज आठवतात. खरं सांगू? दमलेय मी.

आम्ही दोघं डाळ मिलांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. ड्रॉपडाउन, म्हणजे बाण दाबला की खाली उघडते ती यादी, सगळं जग तयार घेतं. भाऊंना ती चालायची नाही. ओळींची उंची, रंग, अगदी तो बाणसुद्धा ते स्वतः लिहून काढायचे. मी वैतागायचे, "अहो भाऊ, मुनीम यादीतून तूर निवडणारेत, यादीशी लग्न नाही लावणार!" ते नुसते हसायचे आणि पुन्हा रंग बदलायचे...

एकदा ते मला धुळ्याच्या मिलमध्ये घेऊन गेले. पाहुणे आले म्हणून तिथले मुनीम नाना लगबगीनं स्क्रीन पुसायला लागले. भाऊंनी त्यांचा हात धरला. "नाना, पुसू नका. रोज असते तशीच राहू द्या." मग नानांच्याच खुर्चीत बसले. डाळीच्या भुकटीखाली त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या तयार यादीतली फिकट निळी ओळ दिसतच नव्हती. नाना अंदाजानं निवडायचे, तुरीच्या जागी हरभरा पडायचा आणि मालकाची बोलणी खायचे. भाऊंनी ओळी उंच केल्या, अक्षरं ठळक काळी केली, निवडलेली ओळ हळदीसारखी पिवळी केली. "भाऊ, आते बठ्ठं दिखस," नाना म्हणाले. आता सगळं दिसतं म्हणे. त्या दिवशी परतताना भाऊ गाडीत गुणगुणत होते.

आता सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत भाऊंचं ते लिखाण चालेना. सगळं नव्यानं लिहायचं, तेही एकटीनं... मरू दे, तयार यादीच टाकते, असं ठरवून गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले आणि टाकलीही.

नाना स्क्रीनकडे बघतच राहिले. "भाऊ गयात... त्यासनी यादीबी गई का ताई?"

जीव नुसता थकून गेला होता. वाटलं, हो म्हणावं आणि मिळेल त्या बसनं घर गाठावं. मी स्क्रीनवर वाकलेली बघून नानांना वाटलं, मला नीट दिसत नसावं. त्यांनी खुंटीवरचं फडकं ओढलं. "थांब ताई, पुसी देस."

"नाना, पुसू नका," मी म्हणाले, आणि त्यांच्या खुर्चीत बसले.