सगळे खालीच

दादाचं जहाज सोमाली चाच्यांनी पकडलं, त्याच्या आदल्या आठवड्यात तो अरब देशातल्या मेसईदच्या बंदरात मला भेटून गेला होता. तो जहाजावर इंजिनियर, मी तिथेच शिपिंग एजंटच्या ऑफिसात कारकून. युरिया भरून जहाज निघालं आणि एडनच्या आखातात अडकलं.

दोन महिने फोनवर बोलणी चालली. रोज दुपारी देवगडहून वहिनीचा फोन यायचा.

"भावजी, काय कळला काय?"

"नाय वहिनी." तेव्हा ते खरं होतं.

एका सकाळी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. आत साध्या कपड्यातला नौदलाचा एक परदेशी अधिकारी बसला होता. चाचे त्या दिवशी दादाला घरच्यांशी बोलू देणार होते. त्यांचा दुभाषी इंग्रजी आणि हिंदी जाणायचा, पण आमची मालवणी त्याला कळणार नव्हती. खलाशांना कुठे कोंडलंय, एवढं मी काढून घ्यायचं होतं.

"घरीसुद्धा बोलायचं नाही," अधिकारी म्हणाला.

दादाचा आवाज पार बसला होता. आईच्या दुखण्याबद्दल सांगता सांगता मी विचारलं, "तुमी सगळे निजतास खंय?"

त्याच्या लक्षात आलं असावं. "सगळे खालीच. माज्या कामाच्या जाग्यार. वयर नुसते हेच."

सगळे इंजिनरूममध्ये, वर फक्त चाचे, असं मी इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

दोन दिवसांनी दुपारी वहिनीने पुन्हा विचारलं. कमांडो निघालेत, हे मला माहीत होतं. "नाय," मी म्हणालो.

कमांडोंच्या छाप्यात इंजिनरूममधले सगळे सुखरूप सुटले. दादा तिथे नव्हता. पुन्हा फोन लावायला म्हणून चाच्यांनी त्याला वर नेलं होतं, आणि वर दिसेल तो चाचा असं धरूनच सैनिक जहाजावर चढले होते. दादाला लागलेली गोळी कुणाची, ते कुठल्याच कागदात नाही. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या माझ्या खोलीवर मॅनेजर स्वतः हे सांगायला आला. अधिकारी परत दिसला नाही.

दादाला घेऊन मी गावी गेलो. तेराव्यानंतर वहिनीने मला पडवीत गाठलं.

"सैनिक जातले, ह्या तुमका आधी म्हायत होता?"

"होय."

ती आत गेली. वर आपला कुणी नाही, हे त्या लोकांना कुणी सांगितलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि अजून सांगितलेलं नाही.