सातव्या सेकंदाचा कोंबडा

चिंतामणकाकांच्या फोनमधून मी एका झटक्यात एक हजार ब्याऐंशी गोष्टी पुसून टाकल्या, आणि वर त्यांच्याकडचा चहाही प्यायलो.

त्यात माझा काही दोष नव्हता, असं मी माझ्या बायकोला, हिमानीला, आठ दिवस पटवत होतो. तिला ते अजून पटलेलं नाही. फोन काकांनी स्वतः आणून दिला होता. "मास्तर, याचं पोट भरलं म्हणून राह्यला हा. जरा रिकामा करून दे." मी सोनाळ्याच्या शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे फोन, मिक्सर, पाण्याची मोटर, यांतलं काहीही बिघडलं तरी ते मास्तरला समजतं असा गावात समज आहे. तो मीही कधी दूर केला नाही. बऱ्याच घरी चहा त्याच समजावर मिळतो.

फोन उघडला तर फोनच सांगू लागला, की यात एकाच मापाचे, एकाच लांबीचे, तंतोतंत सारखे एक हजार ब्याऐंशी आवाज साठले आहेत, पुसू का? कोणते पुसायचे असंही त्याने विचारलं. मी 'सगळे' वर बोट ठेवलं. नमुन्याला एक तरी ठेवावा, हे निदान गणिताच्या माणसाला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. "घ्या काका, आता चार वर्षं बघायला नको," असं म्हणून मी फोन परत दिला आणि दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली. मी साडेसातला उठणारा माणूस. दारात काका. पांढरा सदरा, इस्त्रीचा पायजमा, दाढी केलेली, हातात फोन.

"मास्तर, माह्या गाडीचा आवाज कुठं ठेवला?"

"आवाज गाडीत असेल ना, काका," मी डोळे चोळत म्हटलं. "चावी फिरवा, येईल."

आता हा काही वाईट विनोद नव्हता. पण काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मग म्हणाले, "चाल."

काकांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. अंगणात टिनाचं शेड, शेडमध्ये ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली गावाला ठाऊक असलेली डुक्कर फियाट. ठेंगणी, पाठीवर कुबड असलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची. काका संग्रामपूरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याने टाकून दिलेली ही गाडी त्यांनी उचलली, वर्षभर खपून उभी केली, आणि मग पुढची कित्येक वर्षं संग्रामपुरात असं दृश्य होतं, की तहसीलदार एस.टी.तून उतरायचे आणि कारकून मोटारीतून. या एका गोष्टीपायी काकांची तीनदा बदली झाली असं लोक म्हणतात. काका म्हणतात, दोनदाच.

त्यांनी ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं. आत बॅटरीच्या जागी स्वच्छ घडी घातलेलं फडकं होतं. इंजिन होतं, पुसलेलं, चकचकीत, देवघरातल्या तांब्यासारखं.

"आतला दांडा मोडला," काका म्हणाले. "तीन वर्ष झाले. अकोटचा मिस्त्री होता, तो वारला. तो नाई तं ह्याले हात लावणारा कोणी नाई."

"आणि रोजचा आवाज?"

"जुना होता. एकच. तोच धाडत होतो."

इथे तो आवाज कुठे जायचा हे सांगायला हवं. फोनवर जुन्या गाड्यावाल्यांचा एक गट आहे, 'थंड इंजिन मंडळ' नावाचा. सांगलीपासून गोंदियापर्यंतचे त्रेचाळीस सभासद, आणि काकांनी त्यातला एकही कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मंडळाची रीत अशी: रोज सकाळी साडेसहाला, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, ती चालू करायची आणि तिचा दहा सेकंदांचा आवाज गटावर टाकायचा. ही हजेरी. मग बाकीचे ऐकून सांगणार. "टॅपेट वाजतंय." "चोक जास्त ओढलात." "आज कशी खोकल्याविना उठली!" एकमेकांचे चेहरे यांना माहीत नाहीत, पण डोळे मिटून कोणाची गाडी ते सांगतील. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी गार्गी हैदराबादला, ती रविवारी फोन करते. उरलेले सहा दिवस काकांशी सकाळी बोलणारे हेच त्रेचाळीस जण. बाकी दिवसभर गावातले लोक त्यांना नमस्कार करतात. नमस्काराला काही पुढे बोलावं लागत नाही.

मंडळाचे नियम काकांनीच लिहिलेले. ते दुसऱ्या कोणाला जमलेच नसते. नियम चार असा: 'सलग तीन दिवस गाडीचा आवाज प्राप्त न झाल्यास सदर सभासदाचे सभासदत्व आपोआप संपुष्टात आले असे समजण्यात येईल.'

"म्हणजे आज पहिला दिवस," मी म्हटलं.

"हाव. आज नेट नाई म्हणून लिवतो. उद्या काय लिवू?"

गंमत बघा. त्या आवाजाच्या प्रती त्रेचाळीस फोनांत पडलेल्या होत्या, आणि एकाकडेही मागायची सोय नव्हती. 'माझ्या गाडीचा आवाज मला परत पाठवा' असं चालू गाडीचा मालक कसं म्हणेल?

"आणि नियम थोडा सैल केला तर?" मी विचारलं.

काका एकदम ताठ झाले. "खामगावच्या माणिकरावले काढलं मी त्या नियमानं. हेराल्ड गाडी होती त्याची. एका सकाळी त्यानं लिवलं, 'आजपासून आवाज नाही, इंजिन गेलं, पण मला राहू द्या.' लोक म्हणे राहू द्या. मी म्हतलं, नियम म्हणजे नियम." बॉनेट त्यांनी हळूच खाली घेतलं. "आठ महिन्यानं माह्यी बंद पडली."

मग मी मला सुचलं ते केलं. फोन पुन्हा तपासतो म्हणून घरी नेला आणि त्यातून मंडळ चालवणाऱ्या शौनक नावाच्या नाशिकच्या गृहस्थांचा नंबर उतरवून घेतला. हिमानी म्हणाली, "एकदा केलंत तेवढं पुरे नाही का झालं?" बायका असं काहीतरी म्हणतच असतात. मी फोन लावला.

"नमस्कार, सोनाळ्याहून बोलतोय, चिंतामणकाकांच्या गावचा. काकांचा फोन बिघडलाय. त्यांच्या गाडीचा जुना एखादा आवाज पाठवाल का? कुठल्याही दिवसाचा चालेल."

शौनक म्हणाले, "कुठल्याही दिवसाचा म्हणजे? त्यांचा आमच्याकडे एकच आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सातव्या सेकंदाला कोंबडा आरवतो, ऐकलंय ना? सुरुवातीला आम्ही म्हणायचो, काय वक्तशीर पक्षी आहे! पण पाऊस पडला तरी तोच, उघडला तरी तोच, सातवा सेकंद चुकत नाही. महिन्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं. मग आपापसात ठरवलं, काकांना कोणी काही बोलायचं नाही. तुम्हीही बोलू नका."

तो कोंबडा शेजारच्या रुखमाबाईंचा. त्यांच्या घरी जावई आला तेव्हाच तो गेला; त्यालाही दोन-अडीच वर्षं झाली. सोनाळ्यात मेलेला तो कोंबडा रोज सकाळी सांगली, नाशिक, गोंदियाला मात्र आरवत होता.

शौनकनी आवाज पाठवला. मी तो काकांच्या फोनात घातला आणि ऐटीत नेऊन दिला. काका गाडीत चालकाच्या जागेवर बसले होते. त्यांनी फोन कानाला लावला. गाडी दोनदा खाकरली, उठली, मग लांबून कोंबडा. काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माझं पाप फिटलं.

"कुठून आणला बे?"

'फोनच्या पोटातच सापडला' एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. मी तयारही करून आणलं होतं. पण काकांनी जन्मभर अर्जदारांची तोंडं वाचलेली. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखा सगळं बोलून गेलो. नाशिक, शौनक, सातवा सेकंद, सगळं.

"किती जणाले ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. "तरीच," ते म्हणाले. "तीन वर्षांत एकानं नाई म्हतलं का काका, टॅपेट वाजून राह्यलं म्हणून. मले वाटे, गाडी लय चांगली वाजते आपली."

मला हसू आलं. म्हणजे येऊन गेलं. काका हसत नाहीत हे मला उशिरा कळलं.

"त्यांनी मायेनंच केलं, काका."

"मायेनंच केलं. आन् माणिकराव? तो खरं बोलला तं त्याले काढलं. मी खोटं धाडलं तं तीन वर्ष ऐकून घेतलं." ते दार उघडून खाली उतरले. "माह्यावर दया करून राह्यले होते, मास्तर. रोज सकाळी. साडेसहाले."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गटावर अर्ज टाकला. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. 'नियम चारनुसार सदर सभासदाचे सभासदत्व आज रोजी संपुष्टात येत आहे. तसेच श्री. माणिकराव, खामगाव, यांना सन्मानाने परत घ्यावे, ही विनंती.' खाली सहीच्या जागी पूर्ण नाव. मग ते गटातून बाहेर पडले. शौनकनी त्यांना पुन्हा आत घेतलं. काका पुन्हा बाहेर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत घेण्याऐवजी शौनकनी मला फोन केला. माणिकरावांना विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, मी आता येत नाही.

मग काकांचा फोन अगदी रिकामा झाला. मी केला होता त्याहूनही रिकामा.

मी आपला माझ्या परीने जात राहिलो. हिमानीने एकदा पोहे पाठवले. डबा दुसऱ्या दिवशी घासून, आत चार संत्री घालून परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही, हाही काकांचा नियमच. अकोल्याचा एक मिस्त्री बघतो म्हणालो तर म्हणाले, "काय पाह्यते तो? मोडलेलं मोडलेलं असते." रविवारी मी तिथे असताना गार्गीचा फोन आला. "बाबा, थंड इंजिन काय म्हणतंय?" काका म्हणाले, "थंडच आहे." तिला तो विनोद वाटला, ती पलीकडे हसली. काकांनीही हसल्यासारखं केलं आणि जेवणाचं बोलू लागले.

एवढ्यात मला लवकर जाग यायची सवय लागली आहे. अपराधी माणसाची झोप अशीच असते, हिमानी म्हणते. काल सव्वासहाला उठलो आणि काही काम नसताना काकांच्या गल्लीत गेलो. ताडपत्री काढलेली होती. काका गाडीत. दाढी केलेली, सदरा पांढरा. फोन तोंडासमोर धरलेला. त्यांनी चावी फिरवली. बॅटरी नाही, काही नाही. नुसतं 'टक्' झालं. मग ते दहा सेकंद तसेच बसले. सातपुड्याकडून वारा येत होता, शेडचा एक पत्रा जरासा हलला. कोंबडा नाही. काकांनी बोट उचललं. तो आवाज गेला.

"मंडळात परत गेलात?" मी आनंदाने विचारलं.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वर नाव होतं, माणिकराव खामगाव. सगळ्यात वर काकांचं एकच वाक्य: 'माझीही बंद आहे. नियम चार चुकला.' त्याखाली रोजचा एक आवाज, दहा-दहा सेकंदांचे, अकरा. सगळे काकांच्या बाजूने. पलीकडून एक अक्षर नाही. फक्त प्रत्येक आवाजापुढे, समोरच्याने ऐकला की उमटते ती निळी खूण. आत्ताचा बारावा नुसता पोचला होता.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. एक मिनिट गेलं असेल. मग तोही निळा झाला. उत्तर मात्र आलं नाही.

मला राहवलं नाही. "काका, बारा दिवस झाले. ते माणिकराव साधा नमस्कारसुद्धा करत नाहीत. मग बंद गाडीचा आवाज रोज कशाला पाठवता त्यांना?"

काकांनी चावी काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि काच वर घेता घेता म्हणाले,

"ऐकून तं राह्यला ना बे!"